१०० लिटर पाण्यातले व्हायरस गोळा करताना: विहिरीच्या प्रोजेक्टच्या नोंदी

३ मार्च २०२५

पद्धत फायनल झाली, डायलायझर वापरायचा. किडनीच्या पेशंटला डायलिसिसला लावतात तेच पारदर्शक नळकांडं, आत केसासारख्या हजारो पोकळ नळ्या भरलेलं. मॅडमना आधी पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, सरळ ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन घ्या, पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड टाका, व्हायरस चिकटतील, मग पातळ अल्कलीने धुऊन काढा. चालतं ते, बरेच लोक करतात, पण ती सगळी चार्जची भानगड आहे. व्हायरस २५-३० नॅनोमीटरचा आणि भोक ४५० नॅनोमीटरचं, म्हणजे तो साइजमुळे अडकतच नाही, चिकटतो म्हणून थांबतो, आणि साध्या पाण्याच्या पीएचला बहुतेक व्हायरस पण निगेटिव्ह आणि तो मेम्ब्रेन पण निगेटिव्ह, मधे मॅग्नेशियमसारखा दोन प्लसवाला आयन आला की मगच जुळतं. पाणी बदललं की चिकटणंही बदलणार. पॉझिटिव्ह चार्जच्या कार्ट्रिज येतात, त्यात मीठ टाकायची गरज नाही, पण त्या बाहेरून मागवायच्या आणि किंमत ऐकून मॅडमच गप्प झाल्या.

डायलायझर म्हणजे सरळ चाळणी. पेशंटच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन वाहून जाऊ नये अशा बेताने भोकं केलेली असतात, अल्ब्युमिन साधारण ६६ किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं माप). आम्ही टेस्टला वापरणार तो एमएस२ फाज (बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस) अख्खा धरला तर ३,६०० किलोडाल्टनच्या आसपास. जे अल्ब्युमिन सोडत नाही ते फाज कुठून सोडणार. ही आयडिया आमची नाही, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या लोकांनी नळाच्या १०० लिटर पाण्यावर हे सगळं करून, छापून ठेवलंय. आपल्याला फक्त इथल्या पाण्यावर बसवायचंय.

घेताना हाय फ्लक्सच बघून घेतला, लो फ्लक्सवाल्यातून पाणी फारच हळू जातं. सर्जिकलच्या दुकानात विचारलं "पेशंट कुठे ॲडमिट आहे?" म्हटलं विहीर आहे पेशंट. हसले नाहीत.

७ मार्च

ज्युनिअरने विचारलेलं इथे लिहून ठेवतो कारण व्हायव्हाला हेच विचारणार. १०० लिटर कशाला? मुंबईत पोलिओसाठी सांडपाणी तपासतात, २००१ पासून, तिथे तर अर्ध्या लिटरवर भागतं.

भागतं कारण ते सांडपाणी आहे. हजारो लोकांच्या पोटातून आलेलं, त्यात व्हायरस भरपूर, अर्धा लिटर घेऊन पीईजी आणि डेक्स्ट्रान ही दोन पॉलिमर घालून रात्रभर सेपरेटिंग फनेलमध्ये ठेवलं की खालच्या थरात गोळा होतात. विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छ, त्यात असलाच तर लिटरला एखाद-दुसरा कण असेल. एक ग्लास तपासून "नाही सापडला" म्हणायला काही अर्थ नाही, आणि तेच पाणी गाव रोज पितंय. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसचे तर मोजके कण पोटात गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो.

आणि बॅक्टेरियाची टेस्ट पास झाली म्हणजे पाणी चांगलं हा समज. १९५५-५६ ला दिल्लीत यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी वजिराबादच्या पंपिंगला शिरलं, तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवला, टायफॉइड-हगवण फारशी वाढलीच नाही पण कावीळ मात्र सुमारे २९,००० लोकांना झाली. तेव्हा साठवून ठेवलेलं सीरम १९८० च्या सुमारास परत तपासलं तेव्हा कळलं की ही नेहमीची ए किंवा बी नाही, पुढे तिलाच हिपॅटायटिस ई म्हणायला लागले. त्या कामात पुण्याच्या एनआयव्हीचे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी) लोक होते, म्हणजे आपल्या इथून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. यंदा जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुलेन-बारी, नसांचा आजार) पेशंट एकदम वाढले तेव्हाही काहींच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया मिळाला आणि काहींत नोरोव्हायरस. तेव्हापासून इथे सगळ्यांना विहिरीच्या पाण्याची काळजी लागलीय, आणि आमच्या प्रपोजलला पण त्याच महिन्यात मंजुरी मिळाली, योगायोग म्हणायचा.

१२ मार्च

आज दिवसभर प्लंबिंग.

डायलायझरला चार तोंडं. दोन टोकांना ब्लड पोर्ट, एक लाल टोपणाचा एक निळ्या, आणि अंगाला दोन डायलायझेट पोर्ट. आपण करतोय ते डेड एंड, म्हणजे पाणी लाल टोकाने आत घालायचं, निळं टोक बूच मारून बंद, त्यामुळे पाण्याला नळ्यांच्या भिंतीतून बाहेर पडण्याशिवाय रस्ताच नाही, भिंतीपलीकडे गेलेलं पाणी अंगाच्या एका पोर्टमधून ड्रमात. दुसरा अंगाचा पोर्ट पण बंद. दुसरी पद्धत म्हणजे पाणी गोल गोल फिरवत ठेवायचं, त्यात फिल्टर कमी तुंबतो, पण त्याला सगळा सेट जागेवर लागतो. आपल्याला विहिरीच्या कठड्यावर बसून काम करायचंय, पंप, बॅटरी, नळी आणि फिल्टर एवढंच न्यायचं, परत येताना तर फक्त फिल्टर आइस बॉक्समध्ये घालून आणायचा. १०० लिटर पाणी जिप्सी कॅनमध्ये भरून दुसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हटलं तर काका राजीनामा देतील.

ब्लड पोर्टचे आटे आपल्या कुठल्याच फिटिंगला बसत नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली, थेंब थेंब गळतच होतं. शेवटी डायलिसिसच्याच ब्लड लाइनचा सेट विकत आणला आणि तिची टोकं कापून पंपाच्या सिलिकॉन नळीला क्लॅम्पने जोडली, एकदम फिट. लाइनचा सेट स्वस्त पण पडतो. पुढच्या बॅचच्या मुलांनी ॲडाप्टर शोधत तापकीर गल्लीत उन्हात फिरू नये म्हणून हे लिहितोय.

प्रेशर गेज लावणं मस्ट. डायलायझरच्या लेबलवर कमाल ६०० एमएमएचजी लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण साडेअकरा पीएसआय. पंप त्याच्या बराच वर जाऊ शकतो आणि आतली एखादी नळी फुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी छान जोरात वाहायला लागतं आणि आपण खूश. काटा ८-९ च्या वर गेला की पंपाचा स्पीड कमी करायचा.

१९ मार्च

नळाच्या पाण्यावर ट्रायल. ड्रम भरला, आधी ओटी टेस्ट, पिवळं आलं म्हणजे क्लोरीन आहे. सोडियम थायोसल्फेट टाकून ढवळलं, परत ओटी, रंग नाही. हे केल्याशिवाय फाज टाकायचा नाही, नाहीतर फिल्टरच्या आधीच क्लोरीन त्याला संपवतो आणि रिकव्हरी (टाकल्यापैकी परत किती मिळाला) कमी आली म्हणून आपण फिल्टरला शिव्या घालतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते तेव्हा तिथेही हेच करायचं.

मग थोडं सोडियम पॉलीफॉस्फेट, ०.०१ टक्का होईल एवढं. हे निगेटिव्ह असतं, नळ्यांच्या भिंतीवर पण बसतं आणि व्हायरसवर पण, दोघं एकमेकांना ढकलतात, चिकटणं कमी. म्हणजे मेम्ब्रेनच्या पद्धतीत चिकटवायला धडपड आणि इथे चिकटू नये म्हणून.

एमएस२ साधारण दहा लाख टाकला, म्हणजे १०० लिटरमध्ये मिलीला दहा. हा फाज फक्त ई. कोलायला लागतो, माणसाला काही करत नाही, आणि साइजला पोलिओ-नोरोच्या जवळपास, म्हणून डमी म्हणून सगळे हाच वापरतात. पंप मिनिटाला लिटरभर, पावणेदोन तासात ड्रम रिकामा. काटा शेवटपर्यंत ३-४ च्या वर गेला नाही.

धुऊन काढायचं पाणी: ट्वीन ८० अर्धा टक्का, तेच पॉलीफॉस्फेट ०.०१ टक्का, आणि किंचित अँटीफोम. हे उलट्या दिशेने ढकलायचं, अंगाच्या पोर्टमधून आत आणि लाल टोकाने बाहेर, ५०० मिली. अँटीफोमला काही लोक ऑप्शनल म्हणतात, अजिबात नाही, त्याच्याशिवाय बाटलीत नुसता फेस येतो आणि मोजायचं काय तेच कळत नाही.

२१ मार्च

प्लेटा मोजल्या. होस्ट बॅक्टेरिया (ई. कोलाय) रात्रभर ३७ डिग्रीलाच ठेवलेला, एमएस२ आत शिरतो तो बॅक्टेरियाच्या एफ पिलीवरून (अंगावरचे बारीक धागे) आणि थंडीत त्या पिली नीट बनत नाहीत, त्यामुळे एसीच्या खोलीत बेंचवर वाढवलेलं कल्चर वापरून प्लाक (फाजने बॅक्टेरिया मारल्यावर पडणारे ठिपके) आले नाहीत म्हणून रडायचं नाही.

महत्त्वाचं म्हणजे फिल्टरमधून बाहेर पडलेलं पाणी पण प्लेट केलं होतं, त्यात एकही प्लाक नाही. म्हणजे चाळणी पक्की आहे. धुतलेल्या ५०० मिलीत टाकल्यापैकी दहातले सहा-सात परत मिळाले. बाकीचे आत नळ्यांमध्ये कुठेतरी बसलेत. परत ५०० मिलीने धुतलं तर थोडे अजून निघतात पण मग लिटरभर पाणी हातात राहतं आणि पुढचं काम डबल, त्यापेक्षा एकदाच धुतलेलं बरं.

मॅडम खूश. म्हणाल्या फिल्ट्रेशन झालं, आता काय राहिलं. राहिलं ते सगळं इथून पुढेच आहे.

४ एप्रिल

५०० मिली पीसीआरमध्ये (व्हायरसचा आरएनए सायकलगणिक दुप्पट करत ओळखायची टेस्ट) जात नाही. त्याचं काही मिली करायचं म्हणजे पीईजीने व्हायरस खाली बसवायचे. ५०० ला ५० ग्रॅम पीईजी ८००० आणि पावणेनऊ ग्रॅम मीठ, ढवळून विरघळवायलाच अर्धा तास, मग रात्रभर ४ डिग्रीला. सकाळी सेंट्रीफ्यूजमध्ये १०,००० जी वर अर्धा तास.

आमच्या सेंट्रीफ्यूजचा रोटर ५० मिलीच्या सहा ट्यूबचा. करा हिशोब. ५०० मिली दोन खेपांत, त्याच ट्यूबमध्ये परत भरून, आणि प्रत्येक वेळी वरचं पाणी ओतताना गोळा हलतो की काय ही भीती. गोळा म्हणजे काय, नळाच्या पाण्यात काहीच दिसत नाही. ट्यूब रोटरमध्ये ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करायची, गोळा तिथेच बसणार, दिसो न दिसो, मग ओतताना खूण वर धरायची आणि विरघळवताना बफर बरोबर त्या खुणेवर सोडायचा. आता धुतलेल्या पाण्यात चिमूटभर बीफ एक्स्ट्रॅक्ट टाकतोय, पांढरट डाग तरी दिसतो आणि व्हायरसला बसायला सोबत मिळते.

पीईजीनंतर मोजलं तर टाकलेल्यातले दहातले तीन-चार. म्हणजे १०० लिटरचं अर्धा लिटर करताना जेवढे गेले साधारण तेवढेच अर्ध्या लिटरचं ५ मिली करताना पण गेले. मी जेवढे पेपर वाचले त्यात जास्त चर्चा फिल्टरची, हे वाण्याच्या पुडीसारखं शेवटी गुंडाळलेलं असतं.

५ एप्रिल

रात्री झोप येईना म्हणून हा हिशोब केला आणि मग तर अजिबातच आली नाही.

१०० लिटरचे सगळे व्हायरस, धरून चालू की एकही गेला नाही, ५ मिलीत आहेत. आरएनए काढायच्या किटमध्ये त्यातले २०० मायक्रोलिटर जातात, म्हणजे ४ लिटरचे व्हायरस. त्यातून १०० मायक्रोलिटर आरएनए निघतो आणि पीसीआरच्या एका ट्यूबमध्ये ५ मायक्रोलिटर टाकतो, म्हणजे विसावा भाग, म्हणजे २०० मिली.

पाणी १०० लिटर गाळलं, दोन दिवस घालवले, आणि मशीनने बघितलं किती तर एक पेला. वर रिकव्हरी ३५ टक्के धरली तर ७० मिली. अर्धा कप चहा.

म्हणजे विहिरीत लिटरला पाच व्हायरस असतील तरी आमच्या ट्यूबमध्ये एखादा येईल न येईल, आणि आम्ही रिपोर्टात लिहिणार "१०० लिटर तपासले, आढळला नाही". वाचणाऱ्याला वाटणार केवढं कसून तपासलंय. ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी थम्ब्स अप दिला, कोणी वाचलं की नाही देव जाणे. सोमवारी मॅडमसमोर बोर्डवर लिहिणार.

२६ एप्रिल

पहिली खरी विहीर. नदीकाठचं गाव, नाव इथे लिहीत नाही, सरपंचांना तसा शब्द दिलाय. विहिरीपासून ओढा जवळ आणि ओढ्याला वरच्या वस्तीचं सांडपाणी. पाणी दिसायला आरस्पानी. बादलीने उपसून ड्रम भरला कारण थेट विहिरीत नळी सोडली की ती तळाचा गाळ ओढते. आजी लोकांनी विचारलं डायलिसिसची नळी इथे कशाला, त्यांच्या घरात कोणीतरी आहे डायलिसिसवर, लगेच ओळखली.

३० लिटर गेले तोवर काटा ३, ७० ला ६, शेवटचे १० लिटर पंप जेमतेम. तरी १०० पूर्ण. फिल्टर पांढऱ्याचा फिकट तपकिरी झालेला. धुतलेलं पाणी चहासारखं.

३० एप्रिल

पीसीआर. एमएस२ आपणच टाकलेला, तो तरी यायला पाहिजे, तर तो पण नाही. आरएनए पिवळसर होता तेव्हाच शंका आलेली. आरएनए दहा पट पातळ करून परत लावला. सरळ हिशोबाने दहा पट पातळ केलं की साधारण ३.३ सायकल उशिरा यायला पाहिजे, इथे उलट आधी काहीच नव्हतं आणि पातळ केल्यावर मस्त कर्व्ह. म्हणजे ह्युमिक ॲसिड. पालापाचोळा कुजून होतं ते, पीसीआरच्या एन्झाइमला गप्प बसवतं. आपण फिल्टरवर व्हायरस दोनशे पट दाट केले तसे हे पण दाट केले, फिल्टरला काय माहीत आपल्याला कोण हवंय.

आणि दहा पट पातळ म्हणजे एका ट्यूबमध्ये आता २०० नाही, २० मिली पाणी. रिकव्हरी अजून धरलीच नाही. चार चमचे.

पीएमएमओव्ही मात्र पातळ करूनही आला, स्वच्छ कर्व्ह. हा मिरचीवरचा व्हायरस, मिरची खाल्ली की आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, २००६ ला माणसाच्या विष्ठेत भरपूर सापडला तेव्हापासून सांडपाण्याची खूण म्हणून वापरतात. ठेचा खाणाऱ्या महाराष्ट्रात तर काय बघायलाच नको. म्हणूनच ब्लँक (नमुना न टाकता चालवलेली ट्यूब) लावणं फार गरजेचं, लॅबमध्ये डबा खाऊन तसेच हात घेऊन कोणी आलं तर सगळं पॉझिटिव्ह. आमचा ब्लँक कोरा आला. म्हणजे ओढ्याचं पाणी विहिरीत झिरपतंय. हा व्हायरस माणसाला आजारी पाडत नाही, आणि आरएनए दिसला म्हणजे कण जिवंत आहे असंही नाही, सरपंचांना फोनवर हेच दहा वेळा सांगितलं. पाणी उकळून प्या आणि टीसीएल रोज, एवढं ठरलं.

११ जून

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला आणि विहिरीचं पाणी गढूळ. २५ लिटरला काटा ९. त्यापुढे अजून पाणी ढकलण्यात अर्थ नाही.

ज्युनिअरचं म्हणणं पुढे एक जाड प्री-फिल्टर लावू. लावला तर १०० लिटर जातील पण व्हायरस मोकळे थोडेच पोहतात, मातीच्या कणांना चिकटून असतात, आणि पावसाळ्यात तर जास्तच. प्री-फिल्टरवर गाळ अडकवला आणि टाकून दिला म्हणजे त्यांनाच टाकून दिलं. मग तो प्री-फिल्टर पण धुवा, ते पाणी पण पीईजीला टाका, परत सेंट्रीफ्यूज. माझं मत, प्री-फिल्टर नको, २५ लिटर तर २५. तसंही पीसीआरला जातंय काय ते आता माहीत आहे.

मॅडम आज म्हणाल्या "२५ लिटर ऐकायला कमी वाटतं". वाटू दे.

२ जुलै

गेल्या काही आठवड्यांत शेवटच्या टप्प्यावरच काम केलं, फिल्टरला हात नाही लावला. बदललं ते असं. ५ मिलीतले २०० मायक्रोलिटर घेण्याऐवजी १ मिली घेतो, मोठ्या व्हॉल्यूमचं सिलिकावालं किट. त्यानंतर ह्युमिक काढायचा छोटा कॉलम, त्यात थोडा आरएनए जातो पण पातळ करावं लागत नाही, म्हणजे दहा पटीचा तोटा वाचला. आणि एका नमुन्याला एक ट्यूब नाही, चार.

हिशोब २५ लिटरचा: ५ मिलीतला १ मिली म्हणजे ५ लिटर, विसावा भाग म्हणजे पाव लिटर, चार ट्यूब म्हणजे १ लिटर. एप्रिलमध्ये १०० लिटर गाळून चार चमचे बघत होतो, आता २५ लिटर गाळून लिटरभर. अख्खे ५ मिली किटमध्ये घालून बघितले, तेव्हा कॉलम तुंबला आणि पिवळेपणा परत आला, त्यामुळे १ मिलीवर थांबलो.

रिपोर्टचा तक्ता पण बदलला. "गाळलेलं पाणी" या रकान्याच्या शेजारी "पीसीआरमध्ये पोहोचलेलं पाणी" असा रकाना, त्याच्या शेजारी त्या दिवशीची एमएस२ रिकव्हरी. स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांनी विचारलं हा दुसरा रकाना कुठल्या गाइडलाइनमध्ये आहे. म्हटलं सर, भागाकार आहे. तक्ता मंजूर, पुढच्या आठवड्यात बाकीच्या विहिरी. ब्लड लाइनचे सेट संपत आलेत, ऑर्डर टाकायची आहे.